थकलेलं अंग आणि चेपणारे हात

जिममध्ये, मॅरेथॉन संपल्यावरच्या तंबूत, सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "मालिश करून घे, लॅक्टिक ॲसिड निघून जाईल."

या वाक्याचे दोन तुकडे आहेत. पहिला तुकडा सल्ल्याचा, दुसरा कारणाचा. सल्ला किमान दोन हजार वर्षं जुना आहे. कारण जेमतेम शंभर वर्षांचं आहे, आणि ते चुकीचं आहे.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल. जुना कोड चालत असतो. त्यावर कुणीतरी केव्हातरी लिहिलेली टीप असते, 'हे असं असं चालतं'. प्रत्यक्षात ते तसं चालतच नसतं. पण कोड चालतोय म्हणून टीप कुणी तपासत नाही. मालिशीच्या बाबतीत गंमत अशी की टीप दर काही शतकांनी बदलत गेली. कधी वात, कधी रक्त, कधी ॲसिड. हात मात्र तेच करत राहिले. ही त्या बदलत्या टिपांची आणि न बदलणाऱ्या हातांची गोष्ट.

आधी मेहनत, मग मर्दन

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात चोविसावा अध्याय आहे. आजार व्हायच्या आधीच तो टाळावा कसा, हा त्याचा विषय. दात घासण्यापासून झोपेपर्यंतची दिनचर्या त्यात येते. व्यायाम म्हणजे काय, तर ज्याने शरीराला आयास पडतात ते कर्म, अशी सरळ व्याख्या तिथे दिली आहे. आणि व्याख्या देऊन झाल्याबरोबर पुढची सूचना येते : व्यायाम झाल्यावर सगळं अंग सुखकर वाटेल अशा बेताने चोळावं.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, हीच सूचना जवळपास त्याच शब्दांत आहे. त्याच अध्यायात रोजच्या अभ्यंगाचाही सल्ला आहे. डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष तेल लावावं, म्हातारपण, थकवा आणि वात त्याने कमी होतात, असं तो म्हणतो. अजीर्ण झालेल्याने किंवा कफ वाढलेल्याने मात्र अभ्यंग करू नये, हेही लगेच सांगतो.

दोन गोष्टी इथे टिपून ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे या ग्रंथांत मालिश एकच नाही. तेल लावून केलेला अभ्यंग वेगळा, कोरड्या चूर्णाने अंग घासण्याचं उद्वर्तन वेगळं (दिवाळीचं उटणं याच घराण्यातलं), आणि हलक्या हाताने चेपण्याचं संवाहन वेगळं. प्रत्येकाचा उपयोग निराळा सांगितला आहे. दुसरं म्हणजे, व्यायाम अर्ध्या ताकदीनेच करावा, असं हे दोघेही वैद्य बजावतात. धाप लागली, कपाळावर-काखेत घाम आला की थांबायचं. अतिव्यायामाने होणाऱ्या त्रासांची यादीही ते देतात. म्हणजे मालिश ही त्यांच्या लेखी बेताने केलेल्या मेहनतीची जोडीदारीण होती. बेसुमार मेहनत निस्तरण्याचं ते साधन नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं मात्र नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला गेलन हा वैद्य तरुणपणी पर्गमॉन शहरात ग्लॅडिएटरांचा वैद्य होता. मारामारी हाच ज्यांचा धंदा, त्यांची शरीरं त्याने रोज हाताळली. आरोग्यरक्षणावरच्या ग्रंथात त्याने व्यायामाआधीचं चोळणं आणि व्यायामानंतरचं चोळणं यांत फरक केला. आधीचं अंग तयार करण्यासाठी, नंतरचं थकवा उतरवण्यासाठी. ग्रीक व्यायामशाळांत खेळाडू अंगाला तेल फासून, वर बारीक माती लावून कुस्ती खेळत. नंतर वक्राकार पट्टीने तेल-माती-घामाचा तो लेप खरवडून काढत. हा खरवडलेला लेप औषध म्हणून विकला जाई. गिऱ्हाइकं होती. आजच्या सप्लिमेंटच्या बाजाराला हसण्याआधी हे आठवावं.

तालमीतलं तेल

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. राजाने काय खावं, काय ऐकावं, हत्ती कसे पाळावेत, इथपासून सगळं त्यात आहे. त्यात मल्लविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांच्या प्रती, त्यांचा खुराक, त्यांचा सराव, सगळं तपशिलाने. राजाच्या उपभोगांत पादाभ्यंगही आहे. म्हणजे एकाच ग्रंथात मालिशीची दोन रूपं शेजारी शेजारी सापडतात. एक घाम गाळणाऱ्याचं आणि एक ऐष करणाऱ्याचं. पुढे आठशे-नऊशे वर्षं हे दोन प्रवाह असेच बाजूबाजूने वाहत राहिले आहेत. आजही स्पाचं दालन आणि फिजिओचं टेबल एकाच इमारतीत दोन मजल्यांवर असू शकतात.

गुजरातेत ज्येष्ठीमल्लांची परंपरा होती. त्यांच्यावरचा 'मल्लपुराण' हा संस्कृत ग्रंथ १९६४ साली बडोद्याहून संपादित होऊन प्रसिद्ध झाला. कुस्ती ही केवळ डावांची यादी नाही, तिच्यामागे ऋतूप्रमाणे आहार, मेहनत आणि अंगमर्दनाचं एक पूर्ण शास्त्र आहे, ही जाणीव त्या परंपरेतून दिसते.

आपल्याकडे हे शास्त्र ग्रंथापेक्षा तालमीत टिकलं. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, कोल्हापूरचं खासबाग मैदान उभं राहिलं तेव्हा कुस्ती हा शहराचा श्वास होता. तालमीतला दिवस पहाटे सुरू होतो. जोर, बैठका, सपाट्या, मग हौद्यातली लढत. हौद्यातली लाल माती नुसती माती नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर असं काय काय मिसळून ती मऊ ठेवतात. लढत झाली की अंगाला तीच माती चोळून घाम जिरवायचा. आणि मग मालिश.

तालमीतली मालिश म्हणजे लाड नव्हेत. कधी कोपराने, कधी तळहाताच्या टाचेने, कधी पायाने अंग तुडवून केलेली ती रगडपट्टी असते. करणाऱ्याचाही घाम निघतो, म्हणून तिला मेहनतीतच धरतात. आणि मुख्य म्हणजे ती पठ्ठे एकमेकांना करतात. आज मी तुझं अंग रगडलं, उद्या तू माझं. लहान पठ्ठ्यांनी मोठ्या पैलवानाचं अंग दाबायचं, वस्तादांचे पाय चेपायचे, अशी वरची पायरीही असतेच. पण ती वयाची आणि तालमीतल्या मुरलेपणाची पायरी.

हे लहानसं वाटतं, पण त्याचं महत्त्व तालमीबाहेर पाहिलं की कळतं. गावगाड्यात अंग चोळून देण्याचं काम न्हाव्याकडे असे. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला येणारी बाई बहुधा गरीब घरातली. अंग चेपणारा खालचा आणि चेपून घेणारा वरचा, हे गृहीतच. जोसेफ ऑल्टर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने बनारसच्या आखाड्यांवर 'द रेसलर्स बॉडी' हे पुस्तक १९९२ साली लिहिलं. आखाड्यातली परस्परांची मालिश ही रोजच्या समाजातली वरखाली काही वेळ बाजूला सारते, हे त्यांनी नेमकं टिपलं आहे. आखाड्याबाहेर जी माणसं एकमेकांना शिवताना विचार करत, तीच आत एकमेकांच्या पाठीवर तेल ओतत होती. अर्थात ही समता पुरुषांपुरतीच होती. बायकांना तालमीचं दार बंदच होतं.

पाटण्याचा शॅम्पूवाला

आता थोडं समुद्रापलीकडे जाऊ. १७५९ साली पाटण्यात जन्मलेला शेख दीन महंमद पोरवयात ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेबरोबर गेला आणि १७८४ च्या सुमारास आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात पोचला. १७९४ साली त्याने आपल्या प्रवासाचं पुस्तक इंग्रजीत छापलं. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेलं ते पहिलं पुस्तक मानलं जातं. १८१० साली त्याने लंडनमध्ये हिंदुस्थानी खाणावळ काढली. ती फार चालली नाही, दोनेक वर्षांत त्याचं दिवाळं निघालं.

मग तो ब्रायटनला गेला. समुद्रकाठच्या या गावात हवापालटासाठी श्रीमंतांची गर्दी असे. तिथे त्याने वाफेचं स्नान आणि 'शॅम्पूइंग' सुरू केलं. हा शब्द आपल्या 'चांपो'चा, म्हणजे 'दाब, चेप'चा, इंग्रजी अवतार. मराठीतली चंपी त्याच कुळातली. केसांच्या बाटलीशी त्या शब्दाचं लग्न बऱ्याच नंतर लागलं. त्या काळात शॅम्पू करणं म्हणजे अंग चेपणं.

दीन महंमदाकडे संधिवाताचे, लकव्याचे, अवघडलेल्या सांध्यांचे रोगी येत. १८२२ साली त्याने या उपचारावर पुस्तक लिहिलं, त्यात बऱ्या झालेल्यांच्या कहाण्या दिल्या. पुढे चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा तो 'शॅम्पूइंग सर्जन' झाला. १८५१ साली त्याचं निधन झालं.

या कहाणीकडे अभिमानाने बघायची आपल्याला सवय आहे, आणि अभिमान वाटण्यासारखं आहेही. पण तिच्यात एक चटका लावणारी बाजूही आहे. जे काम गावाकडे न्हावी रोज करत होता आणि ज्याला कुणी विद्या म्हणत नव्हतं, तेच काम पुस्तक, हमाम आणि राजाचं शिफारसपत्र मिळाल्यावर 'सर्जरी' झालं. हात तेच. फक्त भोवतालची इमारत बदलली होती.

स्टॉकहोम, ॲमस्टरडॅम, लंडन

युरोपात ही इमारत एकोणिसाव्या शतकात आणखी उंच होत गेली. १८१३ साली पेर हेन्रिक लिंग याने स्टॉकहोममध्ये राजाश्रयाने व्यायामविद्येची संस्था उघडली. त्याच्या पद्धतीत व्यायाम मुख्य होता, अंग चोळणं-दाबणं हा त्याचा एक भाग. आज ज्याला आपण 'स्वीडिश मसाज' म्हणतो, त्यातल्या हातांच्या हालचालींची वर्गवारी मात्र लिंगपेक्षा ॲमस्टरडॅमच्या योहान मेत्सगर या डॉक्टरच्या नावावर जमा करायला हवी. त्याने १८६८ साली पदवीचा प्रबंध लिहिला तो मुरगळलेल्या घोट्यावर चोळण्याचा उपचार या विषयावर. मुरगळलेला घोटा! खेळणाऱ्या माणसाचं यापेक्षा नेहमीचं दुखणं कोणतं? मळणं, चोळणं, थोपटणं, अलगद हात फिरवणं, या चार हालचालींना त्याच्या परंपरेत फ्रेंच नावं मिळाली आणि ती जगभर गेली. 'मसाज' हा शब्दही फ्रेंचच. तो अरबीतून आला की भारतात पोर्तुगीजांकडून उचलला, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत.

प्रतिष्ठेची ही चढण सरळ नव्हती. १८९४ साली लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली वेश्याव्यवसाय चालतो म्हणून वैद्यकीय नियतकालिकातून मोठा गदारोळ झाला. प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या परिचारिकांची त्यात फरफट झाली. त्यांच्यापैकी चार जणींनी त्याच वर्षी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची एक संस्था काढली. परीक्षा घेतल्या, नियम केले, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय काम नाही असं ठरवलं. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना पुन्हा चालतं करण्यात अशा स्त्रियांचा मोठा वाटा होता. ती संस्था पुढे वाढत जाऊन ब्रिटनची फिजिओथेरपिस्टांची अधिकृत संस्था झाली. म्हणजे आज गुडघा दुखल्यावर आपण ज्या फिजिओकडे जातो, त्या पेशाची एक आजी मालिशवाली आहे.

ॲसिडची अफवा

एव्हाना विज्ञानाला हा प्रश्न पडला होता की थकवा म्हणजे नेमकं काय. इटलीतल्या तुरिन शहरात अँजेलो मोसो या शरीरशास्त्रज्ञाने एक साधं यंत्र बनवलं, एर्गोग्राफ. हात पट्ट्यांनी बांधायचा, एका बोटाला दोरी, दोरीला वजन. बोटाने वजन उचलत राहायचं आणि प्रत्येक उचल कागदावर रेघेने उमटत जायची. रेघा हळूहळू बुटक्या होत जातात. थकव्याचा आलेख तयार. आजच्या मनगटावरच्या घड्याळांचा हा खापरपणजोबा.

मोसोचा सहकारी अर्नाल्दो माज्जोरा याने १८९० च्या सुमारास याच यंत्रावर मालिश तपासली. थकलेल्या स्नायूला मळून दिलं तर नुसत्या विश्रांतीपेक्षा तो अधिक काम करतो, असं त्याला आढळलं. मालिश आणि थकवा यांचं नातं आकड्यांत मोजण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. फक्त तो एका बोटाचा थकवा होता, हे पुढे बरेच जण विसरले.

१९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स या दोघांनी बेडकाच्या स्नायूवर प्रयोग केले. काम करून थकलेल्या स्नायूत लॅक्टिक ॲसिड साठतं आणि प्राणवायू मिळाला की ते कमी होतं, असं त्यांनी दाखवलं. स्नायूंच्या रसायनशास्त्रावर हिल आणि मायरहॉफ यांना १९२२ चं नोबेल मिळालं. इथून एक साखळी लोकांच्या डोक्यात पक्की बसली : थकवा म्हणजे ॲसिड, दुखणं म्हणजे ॲसिड, रक्त वाहिलं की ॲसिड धुऊन निघतं, मालिशीने रक्त वाहतं. चारही कड्या ऐकायला पटतात. नीट तपासल्या तर साखळी तुटते.

एक तर, कसून धावल्यावर वाढलेलं लॅक्टेट नुसतं बसून राहिलं तरी साधारण तासाभरात पूर्ववत होतं. पायऱ्या उतरताना मांड्या ओरडतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तोवर धुऊन काढायला ॲसिड उरलेलंच नसतं. शिवाय १९०२ सालीच थिओडोर हॉ या अमेरिकी शास्त्रज्ञाने हे उशिराचं दुखणं वेगळं काढून दाखवलं होतं आणि ते स्नायूतल्या सूक्ष्म फाटाफुटीमुळे असावं, असं म्हटलं होतं. म्हणजे बरोबर दिशा आधी सापडली होती, चुकीची टीप नंतर चिकटली.

दुसरं म्हणजे लॅक्टेट हा कचरा नाहीच. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. बर्कलीच्या जॉर्ज ब्रुक्स यांनी १९८० च्या दशकापासून हे सातत्याने मांडलं.

आणि शेवटची कडी. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात पंजा आवळण्याचा जोरदार व्यायाम करवून मग हाताला मालिश केली आणि रक्तप्रवाह मोजला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मालिशीने लॅक्टेट बाहेर जाणं उलट मंदावलं. कारण उघड आहे. दाबलं की रक्तवाहिन्याही दाबल्या जातात.

मग मिळतं काय?

कारण चुकलं म्हणून सल्ला चुकत नाही. म्हणून प्रश्न नव्याने विचारायला हवा : ज्याला धावायचंय, पोहायचंय, वजनं उचलायची आहेत, त्याला मालिशीतून खरोखर काय मिळतं?

२०१२ साली कॅनडाच्याच मॅकमास्टर विद्यापीठातला एक अभ्यास गाजला. ११ तरुणांना दमून जाईपर्यंत सायकल मारायला लावली. मग एका पायाला १० मिनिटं मालिश, दुसऱ्याला नाही. दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले, लगेच आणि अडीच तासांनी. मालिश झालेल्या पायात दाह वाढवणारे संकेत कमी होते आणि पेशींची ऊर्जाकेंद्रं वाढवणारे संकेत जास्त होते. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. अभ्यास देखणा, पण माणसं अकराच. त्यावरून 'मालिशीने स्नायू लवकर वाढतात' असा फलक लावणं म्हणजे एका चाचणीवर नवं सॉफ्टवेअर सगळ्यांच्या फोनवर टाकण्यासारखं.

२०१८ साली व्यायामानंतर अंग पूर्ववत करण्याच्या उपायांवरच्या ९९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. दुखणं आणि थकल्याची जाणीव कमी करण्यात मालिश सर्वांत प्रभावी ठरली. २०२० साली ब्रिटनमधून क्रीडा-मालिशीवरच्या २९ अभ्यासांचा, एकूण १,०१२ जणांचा आढावा आला. ताकद, उडी, वेग, दम यांत मालिशीमुळे सुधारणा होते असा पुरावा मिळाला नाही. लवचिकता आणि उशिराने येणारं दुखणं यांत लहान पण खरा फायदा दिसला.

हे दोन्ही एकत्र वाचलं की चित्र साफ होतं. मालिशीने तुम्ही जास्त वेगाने पळणार नाही. पण परवाच्या दिवशी पळायला निघताना अंग कमी कुरकुर करेल, आणि त्यामुळे तुम्ही निघाल. सराव म्हणजे शेवटी रोज निघणंच असेल, तर हा फायदा थोडा नाही.

'हा नुसता मनाचा खेळ नाही का?' असं कुणी विचारेल. मालिशीच्या प्रयोगांची ही खरी अडचण आहे. गोळीच्या जागी साखरेची गोळी देता येते. मालिश झाली की नाही हे मात्र माणसापासून लपवता येत नाही. पण दुखणं ही गोष्ट मेंदूतच घडते. ओळखीच्या, सुरक्षित स्पर्शाने चेतासंस्था सैल होत असेल आणि दुखणं कमी जाणवत असेल, तर त्याला 'नुसतं' म्हणण्यात काय अर्थ आहे?

काही इशारे मात्र जुन्या वैद्यांच्याच चालीवर द्यायला हवेत. ताज्या दुखापतीवर, सूज-लाली असलेल्या जागी, तापात, उघड्या जखमेवर मालिश नको. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर आधी डॉक्टर, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. आणि 'जितकं जास्त दुखेल तितकं चांगलं' हा नियम कोणत्याही अभ्यासातून निघत नाही. सुश्रुताने सुखकर वाटेल असंच चोळायला सांगितलं होतं.

अर्धा तास

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्या दिवसाबद्दल नेहमी सांगितलं जातं ते असं : जपानच्या इशिईबरोबरची लांबलेली लढत संपल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. दोन लढतींच्या मध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता. दमलेले खाशाबा ती लढत हरले.

या प्रसंगात मालिश कुठेच नाही. तरी या सगळ्या इतिहासाचं सार मला तिथे दिसतं. थकवा उतरवणं हा खेळाचाच भाग आहे, आणि त्यासाठी लागणारी गोष्ट बहुतेक वेळा जादूचं तेल नसते. वेळ लागतो, आणि आपल्या बाजूने उभं राहणारं माणूस लागतं. तालमीने ही व्यवस्था मेहनतीच्या आतच बसवून ठेवली होती. जोर काढायचे तसे एकमेकांचे खांदेही दाबायचे. विश्रांतीला दिवसाच्या वेळापत्रकात जागा होती आणि तिच्यासाठी दुसऱ्या माणसाचे हात राखून ठेवले होते.

आज ती व्यवस्था सुटी झाली आहे. हातांच्या जागी बॅटरीवर थरथरणारी बंदूक आली, फोमचा रूळ आला. वाईट काही नाही, रूळ फिरवूनही अंग थोडं मोकळं होतं. ज्यांना परवडतं ते तासाचे पैसे मोजून मालिश घेतात. तेही ठीक. फक्त तो मोबदला देताना आपण काय विकत घेतोय, याची जाण असावी. 'टॉक्सिन बाहेर', 'लॅक्टिक ॲसिड साफ' अशा फलकांची गरज त्या कामाला नाही. ती भाषा त्या कामाला मोठं करत नाही, उलट त्यातलं खरं कौशल्य झाकते. कुठे दाबायचं, कुठे थांबायचं, समोरच्याचा श्वास कधी सैल झाला, हे ओळखणं ही विद्या आहे. 'प्यासा' (१९५७) मध्ये जॉनी वॉकरने उभा केलेला तेलमालिशवाला आपल्याला विनोदी म्हणून आठवतो. त्याच्या बोटांत जे होतं, त्यासाठी ब्रायटनमध्ये राजा रांगेत होता.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी लॅक्टिक ॲसिडचं नाव काढलं, तर वाद घालायचा की नाही ते तुम्ही ठरवा. सल्ला मात्र ऐका. आणि जमलं तर एक तालमीतली रीत उचला. बरोबर धावणाऱ्या मित्राचे खांदे दाबून द्या, मग त्याला तुमचे दाबू द्या. दोन हजार वर्षांत कारणं चार वेळा बदलली, पण या अदलाबदलीला कारण कधी लागलं नाही.